निळ्या पडद्यापाशी

निळ्या पडद्यापाशी येऊन हिसाएचे पाय थांबले. पडद्यापलीकडे पुरुषांचं गरम झऱ्याचं कुंड. तिचा एक हात सासऱ्यांच्या कमरेला होता, दुसऱ्या हातात त्यांचा पंचा.

"सोड आता. जातो मी," तोकुजिरो म्हणाले.

"कसे जाणार, बाबा? आत सगळी ओली फरशी."

"चाळीस वर्षं येतोय इथे. फरशी ओळखते मला."

फरशी ओळखत असेलही, पण दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून तोकुजिरोंचं उजवं अंग त्यांनाच ओळखत नव्हतं. पाय ओढत चालावं लागे, आणि ज्या हाताने पन्नास वर्षं लोकांचे केस कापले तो हात आता युकाताच्या बाहीत निवांत लोंबकळत असे. या र्योकानमध्ये, झऱ्याकाठच्या या जुन्या पद्धतीच्या विश्रामगृहात, ते दर हिवाळ्यात बायकोबरोबर, त्सुयाकोबरोबर यायचे. ती गेल्यापासून येणं बंद पडलं होतं. या वर्षी हिसाएनेच विषय काढला, फोन करून खोली ठरवली आणि कुटुंबासाठी असतं ते छोटं बंदिस्त कुंडही राखून ठेवलं. पण दुपारी आल्या आल्या मालकीणबाईंनी चटईवर डोकं टेकून माफी मागितली. थंडीने नळ फुटला होता, छोटं कुंड बंद होतं.

खरं तर ते चालू असतं तरी अडचण होतीच. सुनेकडून अंघोळ घालून घ्यायला तोकुजिरो तयार नव्हते. घरी मंगळवारी आणि शुक्रवारी एक मदतनीस येऊन त्यांना अंघोळ घालायचा. जानेवारीतल्या एका रविवारी ते हट्टाने एकटेच न्हाणीघरात गेले आणि पडले. हिसाएने उचलायचा खूप प्रयत्न केला, पण तिला ते उचलले गेले नाहीत. शेजारचे ओनोदेरा येईपर्यंत चाळीस मिनिटं ते तिथेच, अंगावर रजई घेऊन पडून होते. त्यावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी पोस्टातलं काम संपल्यावर हिसाए गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गेली आणि अर्ज भरून आली. आता तिथे एक खोली रिकामी झाली होती. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हेच सांगायला ती त्यांना इथे घेऊन आली होती. येताना रेल्वेगाडीत सांगणार होती, मग जेवताना सांगणार होती, आणि अजून सांगायचंच होतं.

"आत जायचंय का, काका?"

मागून एक आडदांड माणूस आला. साठीचा असावा, खांद्यावर पंचा, युकाता पोटावर कसाबसा बांधलेला.

"तू कोण?"

"कामेई. दुपारी दारात तुमच्या बुटावर पाय दिला, तोच मी."

"आंधळा आहेस का?"

"घरी बायकोही हेच विचारते. धरा खांदा."

तोकुजिरोंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि हिसाएला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट, डावा हात पुढे केला. पडदा हलला आणि दोघं दिसेनासे झाले. थोड्या वेळाने कामेईचं डोकं बाहेर आलं.

"ताई, इथे उभ्या राहून गारठाल. जा तुमच्या बाजूला. मला काही घाई नाही."

लाल पडद्याआड कोणीच नव्हतं. हिसाएने स्टुलावर बसून अंग धुतलं आणि दुधट पाण्यात ती गळ्यापर्यंत उतरली. गंधकाचा वास नाकात भरला. गेल्या दोन वर्षांत कोणी हाक मारील म्हणून कान टवकारून न बसता केलेली ही पहिली अंघोळ, हे तिच्या ध्यानात आलं, आणि नेमके तेव्हाच तिचे कान टवकारले. दोन्ही कुंडांच्या मधली लाकडी भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. वरून पलीकडचा शब्दन् शब्द येत होता.

"अरे, हळू! डोकं आहे ते, बटाटा नाही."

"सॉरी, काका."

"आणि मागचे केस कोणी कापले तुझे? कात्रीने की कोयत्याने?"

"बायकोने."

"मग बरे आहेत."

घंगाळ्याने पाणी ओतल्याचा आवाज आला. नंतर तोकुजिरोंचा आवाज आला, पण जरा वेगळा. "गावातली निम्मी डोकी मी धुतली असतील. माझं कोणी धुतलं नाही. फक्त त्सुयाको धुवायची, वर्षाच्या शेवटच्या दिवशी."

"बाहेर त्या कोण, मुलगी का?"

"सून. मुलगा गेला माझा, सहा वर्षं झाली. ही माहेरी गेली असती तर कोणी नावं ठेवली नसती. राहिली." पाणी डुचमळलं. दोघं कुंडात उतरले असावेत. "आता मला वृद्धाश्रमात ठेवणार आहे."

हिसाएने कुंडाच्या काठावरचा दगड घट्ट धरला.

"अरेरे," कामेई म्हणाला.

"अरेरे काय? बरोबरच करतेय. मी पडलो तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. कंबर लचकली तिची. अजून खुर्चीतून उठताना टेबल धरते. मला काय दिसत नाही? पण सांगेल तर शपथ! येताना गाडीत तीनदा 'बाबा' म्हणाली आणि तीनदा संत्रं सोलून हातात दिलं. माणसाने किती संत्री खायची?"

कामेई असा हसला की पाणी काठावरून सांडलं. "पण तुम्हाला कळलं कसं?"

"कागद तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. दिवसभर घरात मीच असतो. शोधायला वेळच वेळ."

हिसाएने ओला पंचा तोंडावर दाबला. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. अशीच गप्प बसून उरलेलं ऐकत राहणं काही बरं नव्हे, एवढं मात्र कळत होतं.

"बाबा!" ती ओरडली. "मला ऐकू येतंय!"

पलीकडे एक घंगाळं धाडकन पडलं.

"चोरून ऐकतेस?"

"भिंतच तशी आहे!"

"मग बोल आता. तोंडावर जमत नाही ना? भिंतीआडून बोल."

आणि ती बोलली. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून नदी दिसते, एक तारखेपासून जायचंय. तिथे रात्रंदिवस माणसं असतात. ती दर रविवारी येईल. मग आवाज चिरकला. "मला उचलता येत नाही हो तुम्हाला. खूप करून पाहिलं."

"माहीत आहे."

"रागावलात?"

"रागावलो होतो. कागद सापडला त्या दिवशी. तुझा तो निळा कप मांजराने नाही फोडला."

पुढचं वाक्य इतक्या हळू आलं की तिला भिंतीला कान लावावा लागला.

"भीती वाटते, हिसाए. तिथे सगळे म्हातारे असतात."

"मलाही वाटते, बाबा."

पलीकडे कामेई हळूच म्हणाला, "काका, मी बाहेर जाऊन थांबू का?"

"तू गेलास तर मी बुडेन ना, गाढवा!"

संध्याकाळी तिघं एकाच खोलीत जेवायला बसले. कामेई शाळेची बस चालवायचा. बायकोला गंधकाचा वास सोसत नाही म्हणून एकटाच आला होता. त्याने तोकुजिरोंच्या माशाचे काटे न विचारता काढून दिले, आणि तोकुजिरोंनीही न बोलता मासा खाल्ला. वृद्धाश्रमाचं नाव कोणी काढलं नाही. आता त्याची गरजही उरली नव्हती.

एक मार्चला तोकुजिरो तिकडे राहायला गेले. सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. पहिल्या रविवारी हिसाए गेली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तासभर बसून ती परत आली आणि बसमध्ये रडली. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी सकाळी जाग आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. कित्येक वर्षांत ती इतकी झोपली नव्हती. तोंडावर पाणी मारून धावतपळत पोचली, तर तोकुजिरो चाकाच्या खुर्चीत दारापाशीच बसलेले.

"चाळीस मिनिटं उशीर."

"झोप लागली, बाबा."

"हं. लागू दे." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग डाव्या हाताने व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाकडे बोट केलं. "ढकल. स्वयंपाकघर दाखवतो. मिसो सूपची काय दशा करतात ते एकदा बघच."

हिसाएने खुर्ची ढकलली. वाटेतल्या प्रत्येक दारापाशी ते थांबवत होते. आत कोण राहतं, कोण घोरतं, कोण पत्त्यांत फसवतं, सगळं मोठ्याने सांगत होते, आणि आतली माणसंही तितक्याच मोठ्याने उलट उत्तरं देत होती.