सुप्याचे कान

ताईच्या धाकट्या भावाचा पुतळा चौकात बसवायचा म्हणून समिती नेमली, आणि एकदा समिती नेमल्यावर भावाला कोण विचारतो? बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत, मागची बंदूक धरून बसायचा तो. एकोणिसाव्या वर्षी विमानासकट जळाला. आता ताईने ऐंशी ओलांडली होती. त्याचा चेहरा आठवणारी ती एकटीच उरली होती. आपण डोळे मिटले की पुतळ्याचा जो चेहरा, तोच त्याचा होणार, या काळजीने तिची झोप उडाली होती.

फोटो एकच, तोही विमानातल्या सगळ्यांचा मिळून. त्यात भावाचं तोंड मसुराएवढं, पण कान मात्र स्पष्ट. सुपासारखे. ती त्याला सुप्याच म्हणायची.

"कान तेवढे सांभाळा," तिने अध्यक्षांना बजावलं. "बाकी चुकलं तरी चालेल."

"ताई, तुम्ही निर्धास्त राहा," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष साठीचे. लढाई त्यांनी फक्त भाषणात केलेली, आणि तिथे ते कधी हरले नव्हते.

अनावरणाच्या दिवशी पडदा ओढला. रुंद कपाळ, पिळदार मिशी, भरदार हनुवटी आणि तिच्याखाली आणखी एक हनुवटी. कान डोक्याला चिकटलेले. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच अडखळल्या. लोक एकदा पुतळ्याकडे बघत, एकदा अध्यक्षांकडे.

"फोटोत चेहरा नीट दिसत नव्हता," अध्यक्षांनी खुलासा केला, "म्हणून मूर्तिकारासमोर मीच बसलो. मान अवघडली हो! पण हुतात्म्यासाठी एवढं तरी करायलाच हवं."

ताईला चार शब्द बोलायला उभं केलं. ते शब्दही समितीनेच लिहून दिले होते. तिने तो कागद पर्समध्ये कोंबला.

"अशी हनुवटी यायला साठ वर्षं घरी जेवावं लागतं," ती म्हणाली. "माझ्या भावाला तेवढी सवड मिळाली नाही. चेहरा तुमचाच ठेवायचा तर खुशाल ठेवा. पुढच्या लढाईला मात्र तुम्हीच जा."

मग ती पुतळ्यापाशी गेली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली बाई, स्क्रू-ड्रायव्हर तिच्या पर्समध्ये असायचाच. भावाच्या नावाची पितळी पाटी तिने सर्वांदेखत उतरवली आणि घरी नेली. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

अध्यक्षांनी ते मनाला लावून घेतलं नाही. खरं तर बिनपाटीचा पुतळा त्यांना जास्तच आवडला. येता-जाता ते त्याच्याकडे बघून मिशीवरून हात फिरवत. त्यांच्या बायकोच्या मात्र जिवाला घोर लागला. आधी दूधवाल्याने हळूच विचारलं, "साहेब कधी गेले हो?" मग लांबचे दोन नातेवाईक रडतच दारात आले. त्यांना पाणी देऊन वाटेला लावल्यावर तिने नवऱ्याला सुनावलं, "चौकातला उतरवा, नाहीतर तुम्हीच तिकडे राहायला जा. मला दोन-दोन झेपायचे नाहीत."

झालं. पुतळा उतरला आणि मूर्तिकाराने ताईला बोलावणं धाडलं. तो बिचारा ओशाळला होता. त्याने नव्याने मातीचं डोकं घडवायला घेतलं.

"कान किती बाहेर?" त्याने विचारलं.

ताईने दोन्ही तळवे स्वतःच्या डोक्याला लावून दाखवले.

"एवढे?"

"एवढे."

त्याने कान लावले. ताईने पुढे होऊन डावा आणखी थोडा ओढला. भांडण झालं की ती हाच ओढायची. ओल्या मातीत तिच्या बोटांचा ठसा उमटला आणि तिला रडू फुटलं. आता तो तिला दिसत होता.

तेवढ्यात अध्यक्ष पाहणीला आले.

"छे छे! मिशी नाही, आणि कान हे असे? अहो ताई, हे तर पोरगं दिसतंय. लोक विचारतील, एवढ्याशा पोराला लढाईला पाठवलं कोणी?"

ताईने डोळे पुसले, पर्समधून पाटी आणि तिचे स्क्रू काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले.

"विचारू देत," ती म्हणाली.