आठ घरांची एक पेंडी

मित्रांनो, मी कागदाची नाही, त्यामुळे मला वाळवीची भीती नाही. माझ्यावर शाईचा थेंबही कधी पडलेला नाही. तरी वयानं मी जुनीच आहे. मी एक टीप आहे. संगणकाला एक विशिष्ट काम कसं सांगायचं, ते समजावून देणं हा माझा व्यवसाय. माझ्यातल्या एका शब्दानं एका बाईच्या बांधीचं पाणी कसं अडवलं आणि ते पुन्हा कसं सुटलं, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म गोंदियाचा. तिथल्या एका तंत्रशाळेत भूपेंद्र नावाचे सर संगणक शिकवतात. माहिती साठवण्याचं मोठं कोठार असतं, त्याला डेटाबेस म्हणतात. त्या कोठाराशी बोलण्यासाठी तयार कामांचा एक संच करून ठेवतात, त्याला लायब्ररी म्हणतात. सरांनी अशी एक लायब्ररी केली आणि तिच्यातल्या कामांसाठी मराठीत टिपा लिहिल्या, कारण त्यांचे विद्यार्थी बहुतेक खेड्यांतल्या मराठी शाळांतून येत. सरांच्या घरची भाषा मात्र हिंदी. ते विचार हिंदीत करत आणि लिहीत मराठीत.

माझ्या वाट्याला बिटांची कामं आली. बिट म्हणजे अगदी लहान जागा. तिथे एक तरी बसतो, नाहीतर शून्य. तिसरं काही मावत नाही. अशा जागांची लांबच लांब माळ कोठारात ठेवता येते. एखाद्या जागेवर एक कसा लिहायचा, एखादी जागा कशी वाचायची आणि माळेत किती एक आहेत ते कसं मोजायचं, ही तीन कामं मी सांगत असे. मोजण्याबद्दल माझ्यात एवढंच लिहिलं होतं: 'सुरुवातीच्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जेवढे एक असतील तेवढे मोजतो. दोन्ही घरं धरून.'

हिंदीतल्या 'खाना', म्हणजे कप्पा, ह्या शब्दाचं सरांनी मराठीत 'घर' केलं होतं. मला तो शब्द आवडे. मुलंही म्हणत की ही टीप किती सुटसुटीत आहे. मला त्याचा अभिमान वाटे. पुढे मुलं शिकून गेली, नव्या लायब्ऱ्या आल्या आणि मला उघडणारे कमी होत गेले. महिना महिना कुणी फिरकत नसे. मी काही तक्रार केली नाही. आपण सांगायचं ते सांगून ठेवलं आहे, ज्याला हवं तो येईल, असं मी समजत होते.

मग पुष्पांजली आली.

पुष्पांजली सरांची विद्यार्थिनी नव्हे. तिनं पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आहे आणि ती गोंदियात एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिचं गाव गोरेगावजवळ. गावाला एक तळं आहे, तिच्याच पणज्यांच्या पणज्यांनी बांधलेलं, आणि गावाचं धान अजून त्या तळ्यावर पिकतं. तळ्याच्या बांधात पाणी सोडायचं जे दार असतं त्याला तिकडे तुडूम म्हणतात. ह्या तळ्याला दोन तुडूम. एकातून लहान पाट निघतो, त्यावर अठ्ठेचाळीस बांध्या. दुसऱ्यातून मोठा पाट, त्यावर एकशे चव्वेचाळीस. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेलं धानाचं शेत.

पाणी सोडण्याचं काम पुष्पांजलीचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पुनाराम, चाळीस वर्षं करत आले. कुणाची पाळी झाली, कुणाची राहिली, हे ते घराच्या भिंतीवर गेरूच्या रेघा ओढून ठेवत. डोळे अधू झाले तेव्हा पुष्पांजलीनं त्यांच्या फोनसाठी एक लहानसा प्रोग्राम करून दिला. प्रत्येक बांधीला माळेतली एक जागा. पाणी पोचलं की नंबर दाबायचा, तिथे एक बसतो. आधी लहान पाट, त्यानंतर मोठा. लहान पाटाचे अठ्ठेचाळीस एक मोजून झाले की फोनवर आपोआप निरोप येई: लहान पाट झाला, तुडूम बंद करा.

हे मोजण्यासाठी तिनं मला उघडलं होतं. संगणक शून्यापासून मोजतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं लिहिलं: घर शून्यपासून घर सत्तेचाळीसपर्यंत. मला वाचून जे करावं, तेच तिनं केलं.

गेल्या ऑक्टोबरात धान पोटरीत आलं होतं. कणीस अजून पानाच्या आत असतं, त्या दिवसांत बांधी कोरडी पडली तर दाणा भरत नाही. तळ्यात एका पाळीपुरतंच पाणी होतं. लहान पाटाच्या सत्तेचाळीस बांध्या झाल्या होत्या. शेवटची तेवढी राहिली होती, धुरपताबाईंची. मोठा पाट लांब असल्यामुळे तो भिजायलाच वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी सकाळीच त्याचंही तुडूम उघडलं. त्यावरची पहिली बांधी कैलाशभाऊंची. ते पाणी समितीचे अध्यक्ष. दुपारी त्यांच्या बांधीत पाणी चढलं आणि त्यांनी स्वतःच्या फोनवर, तिथेही तो प्रोग्राम होता, आपला नंबर दाबला. त्याच क्षणी पुनारामांच्या फोनवर निरोप वाजला: लहान पाट झाला. पुनाराम शेवटच्या बांधीकडे निघून लहान पाटावर अर्ध्या वाटेत होते. ते मागे फिरले आणि त्यांनी तुडूम बंद केलं.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, सुट्टीला गावी आलेल्या पुष्पांजलीच्या अंगणात धुरपताबाई येऊन उभ्या राहिल्या. बांधीला भेगा पडल्या होत्या. त्या समितीकडे जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना सांगण्यात आलं की फोनवर अठ्ठेचाळीस पूर्ण झाल्याची नोंद आहे. म्हणजे पाणी आलं होतं, तुमचाच धुरा खेकड्यांनी पोखरला असेल आणि ते वाहून गेलं असेल. गावाचा नियम असा की धुरा ज्याचा त्यानं सांभाळायचा. फुटला तर दुसरी पाळी नाही.

"माह्या धुरा आताच पाहून घे," त्या पुष्पांजलीला म्हणाल्या. "बोट शिरंन एवढं बीळ सापडलं तं मी परत पाणी मांगनार नाई. पन तुह्या मशीनले इचार, कायले खोटं बोलून राहिली?"

पुनाराम ओसरीवरच होते. बांधी कोरडी राहिल्याचं कळल्यापासून ते फारसे जेवले नव्हते. ते खालमानेनं म्हणाले, "मशीन नाई चुकली, वयनी. माह्याच हात चुकला असंन. तुमचा नंबर आधीच दाबला असंन मी. आन् पाटाच्या शेंड्यापावतर गेलोच नाई."

पुष्पांजली उठली. तिनं दोन गोष्टी केल्या. आधी जाऊन धुरा पाहिला. तो सलग होता. मग घरी येऊन तिनं माळेतली सत्तेचाळीसवी जागा, म्हणजे धुरपताबाईंची, वाचली. तिथे शून्य होता.

मोठेबाबांनी नंबर दाबलाच नव्हता. मग अठ्ठेचाळीस आले कुठून?

तिनं मला उघडलं. मोजण्याची ओळ तिनं तीनदा वाचली. मग तिनं प्रयोगशाळेत करतात तसं केलं. एक कोरी माळ घेतली, तिच्यात फक्त दहाव्या जागेवर एक ठेवला आणि विचारलं, घर शून्य ते घर एक, ह्यांत किती एक आहेत? माझ्या शब्दाप्रमाणे उत्तर शून्य यायला हवं होतं. उत्तर आलं, एक.

मित्रांनो, त्या वेळी मला माझ्यातली चूक पहिल्यांदा कळली. कोठार बिट मोजताना ते सुटे उचलत नाही. आठ-आठ बिटांचा एक गठ्ठा करतं, त्याला बाइट म्हणतात. लिहिताना आणि वाचताना घर म्हणजे बिट. मोजताना मात्र सुरुवात आणि शेवट सांगायचे ते बाइटचे. सरांनी बिटाचा खानाही 'घर' केला आणि बाइटचा खानाही 'घर'च केला. पुष्पांजलीनं सत्तेचाळीस घरांपर्यंत मोज म्हटलं, तेव्हा कोठारानं सत्तेचाळीस गठ्ठ्यांपर्यंत पाहिलं. एवढ्यात तर दोन्ही पाट येऊन वर जागा उरत होती. ज्या एकावर निरोप वाजला, तो कैलाशभाऊंच्या बांधीचा होता.

तिनं सरांना फोन लावला. सरांनी आपली टीप उघडून ती ओळ वाचली. मग म्हणाले, "अरे यार. मैंने तो दोनों जगह खाना ही सोचा था. चार साल में किसी ने पूछा ही नहीं."

दुपारी समिती तुडुमाजवळ जमली. पुष्पांजलीनं सांगितलं की सत्तेचाळीसव्या जागेवर शून्य आहे, चूक मोजण्यात झाली आहे, आणि ती आपण लिहिलेल्या प्रोग्रामची आहे. कैलाशभाऊ वाईट माणूस नव्हेत. पण लहान पाट चार दिवसांत सुकला होता. एका बांधीसाठी तो पुन्हा भिजवायचा तर मोठ्या पाटाचं पाणी कमी पडणार, आणि तिथल्या लोकांना उत्तर त्यांना द्यायचं होतं.

"त्या रोजी तुही मशीन म्हने अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "आज म्हनते शून्य. मी कोनतं खरं मानू, पुष्पा? उद्या अजून काही म्हनंन."

प्रश्न रास्त होता. मशीन चुकली एवढं म्हणून भागणार नव्हतं. तिनं आपला फोन त्यांच्या हातात दिला.

"भाऊ, तुम्हीच विचारा. लहान पाटाचे आज किती झाले?"

कैलाशभाऊंनी दाबलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा दाबलं.

"त्रेसष्ट."

"लहान पाटावर बांध्या किती?"

मागून समितीतले श्यामलाल म्हणाले, "कैलाश, अठ्ठेचाळीस बांध्यांत त्रेसष्टाले पानी? पंधरा बांध्या का तुह्या सासऱ्यानं आंदनात देल्ल्या?"

सगळे हसले. कैलाशभाऊही हसले. चार दिवसांत मोठ्या पाटाच्या सोळा बांध्या झाल्या होत्या. सत्तेचाळीस आणि सोळा. बेरीज कुणालाही करता येत होती. पुष्पांजलीनं मग मोजणी दुरुस्त करून दाखवली: शून्य ते पाच, म्हणजे आठाचे सहा गठ्ठे, म्हणजे नेमक्या अठ्ठेचाळीस जागा. उत्तर आलं सत्तेचाळीस.

पुनाराम इतका वेळ दगडावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, तो आठाचा गठ्ठा म्हणते त्याले नाव काय? पुष्पांजलीनं बाइट म्हणून सांगितलं.

"पेंडी म्हन ना सीधं," ते म्हणाले. "रोवनीले पऱ्हे का एकेक काडी करून मोजते कोनी? पेंडी मोजते. काडी अलग, पेंडी अलग. दोघाईले एकच नाव देशीन तं बांधीत गोंधळ होनारच." पऱ्हे म्हणजे रोवणीची धानाची रोपं, आणि त्यांची बांधलेली जुडी ती पेंडी.

कैलाशभाऊ उठले आणि त्यांनी स्वतः तुडुमाला हात घातला. मोठ्या पाटाचा एक दिवस पुढे गेला, आणि लोकांना काय सांगायचं ते आपण पाहून घेऊ असं ते म्हणाले. पाणी पाटातून निघालं तेव्हा पुनाराम त्याच्या बरोबरीनं चालत गेले. ह्या वेळी ते मध्ये कुठेही मागे फिरले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत धुरपताबाईंच्या बांधीत घोट्याएवढं पाणी उभं होतं. मग पुनारामांनी नंबर दाबला.

पुष्पांजलीनं त्याच आठवड्यात मला नव्यानं लिहिलं आणि सरांनी ते लेखन मान्य केलं. आता माझ्यात घर म्हणजे फक्त बिट. आठ घरांची एक पेंडी. मोजण्याच्या ओळीत स्वच्छ लिहिलं आहे की इथे सुरुवात आणि शेवट पेंड्यांचे द्यायचे, घरांचे नव्हेत. खाली उदाहरण आहे, सत्तेचाळीसव्या घराचं. मी पूर्वीइतकी सुटसुटीत राहिले नाही. पण आता माझ्यावर विसंबून कुणी तुडूम बंद केलं तर मला धास्ती वाटणार नाही.

धान कापून झाल्यावर धुरपताबाई मला पाहायला आल्या. पुष्पांजलीनं पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, काकी, हे सत्तेचाळीस म्हणजे तुमची बांधी. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"पन माही बांधी तं अठ्ठेचाळीसवी होय," त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीसवी रुख्माची. काऊन बदलवली?"

पुष्पांजली थबकली. संगणक शून्यापासून मोजतो, हे तिला इतकं ठाऊक होतं की ते लिहावं असं तिच्या मनातच आलं नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली आणि धुरपताबाईंच्या समोरच तिनं माझ्यात आणखी एक ओळ घातली: 'घरांची मोजणी शून्यापासून होते. अठ्ठेचाळीसवी बांधी म्हणजे घर सत्तेचाळीस.' मग ती त्यांना वाचून दाखवली आणि विचारलं, आता बरोबर आहे का? त्यांनी मान डोलावली.

मित्रांनो, काही मोजाल तेव्हा आकड्याशेजारी तो कशाचा आहे ते लिहा. दोन गोष्टींना एक नाव देऊ नका. आणि माझ्यासारखी एखादी टीप वाचून तुम्हाला काही कळलं नाही, तर आपणच कच्चे आहोत असं समजून ती मिटू नका. चार वर्षं मला कुणी प्रश्न विचारला नाही, म्हणून मी चार वर्षं चुकीची राहिले. विचारा. माझ्यात अजून पुष्कळ जागा आहे.