बिनपगारी

टबात एक केसाळ, थोराड कुत्रा उभा होता आणि आंघोळ या विषयावर त्याची मतं ठाम होती. "बस रे राजा, झालंच आता," म्हणत थोरली सून त्याच्या कानांत पाणी जाऊ नये म्हणून त्याचं डोकं वर धरून होती. तिच्या मनगटाला पट्टी होती. मागच्या आठवड्यात नखं कापताना एक कुत्रा तिला चावला होता. तेव्हा काउंटरवरून सासरे हसत म्हणाले होते, "बरं झालं, घरच्याच माणसाला चावला. नोकराला चावला असता तर भरपाई द्यावी लागली असती!" नवराही हसला होता. ती हसली नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

खाली दुकान, वर घर. कुत्र्यामांजरांना न्हाऊ घालायचं, वाळवायचं, केस कापून द्यायचे, असा हा घरचा धंदा. पगारी कारागीर एकच होता. त्यानं पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा तो सरळ दुसऱ्या दुकानात गेला. बिचारी थोरली जाणार कुठं? त्याचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. सासऱ्यांच्या खर्चात भाडं होतं, वीज होती, शाम्पूचे कॅन होते. तिचं नाव कुठंच नव्हतं.

"नवा माणूस ठेवायचा म्हणजे पगार आला, सुट्ट्या आल्या," जेवताना सासरे कुरकुरले.

"माणूस कशाला ठेवताय?" सासूबाई म्हणाल्या. "धाकट्याचं लग्न करा. जनावरांच्या दवाखान्यात काम करणारी एक मुलगी आहे बघण्यात. कुत्र्यांना घाबरत नाही म्हणे."

"वा! एका दगडात दोन पक्षी!" सासरे खूश झाले.

धाकटा लाजला. थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला. लग्न म्हणजे पगार वाचवायचा उपाय, हे इतकं उघड बोललं जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

मुलगी वडिलांबरोबर आली ती थेट दुकानातच. सासूबाईंनी पाणी पुढे करण्याआधी तिच्या हातात ब्रश दिला. टेबलावरचं पिल्लू अंग चोरून बसलं होतं. मुलीनं आधी त्याला आपला हात हुंगू दिला, मग हलकेच गुंता सोडवला. पिल्लानं तिचं बोट चाटलं. सासऱ्यांचा चेहरा खुलला.

"मला आवडेल इथं," मुलगी म्हणाली. "फक्त एक विचारू का? दवाखान्यातल्या पगारातून मी आईच्या औषधांचं बघते. इथं पगार कसा असेल?"

"अगं वेडे, पगार कसला? अख्खं दुकानच तुझं!" सासूबाई म्हणाल्या.

मुलगी समाधानानं हसली. ते हसू थोरलीनं ओळखलं. सहा वर्षांपूर्वी याच वाक्यावर तीही अशीच भुलली होती.

"मलाही हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "माहेरी जायचं तर तिकिटाचे पैसे मी यांच्याकडून मागून घेते. तुझ्या आईची औषधंही तुला अशीच मागावी लागतील."

"तू वर जा बघू," नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

"नाही जाणार. तिला कळू दे."

मुलीच्या वडिलांनी सावरून घ्यायला पाहिलं. "अहो, आपल्याच घरात कुणी पगार मागतं का? त्यात काय एवढं!"

मुलीनं ब्रश टेबलावर ठेवला. "पप्पा, आईची औषधं कोण आणणार मग? तुम्ही? मी नोकरी सोडणार नाही. चला."

त्यानंतर घरात जे व्हायचं ते झालं. घर फोडलंस, धाकट्याच्या ताटात माती कालवलीस, खाल्ल्या घरचे वासे मोजलेस! थोरली रडली, पण माफी मागायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती खाली उतरलीच नाही. नवऱ्यानं एका मांजरीला न्हाऊ घालायचा प्रयत्न केला आणि दोन्ही हात ओरबाडून घेतले. गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं. शेवटी नाइलाजानं सासऱ्यांनी दारावर कागद चिकटवला : कामाला अनुभवी माणूस पाहिजे. पगार चांगला मिळेल.

थोड्या वेळानं बाहेरच्या जिन्यावर पावलं वाजली. थोरली काउंटरसमोर येऊन उभी राहिली.

"आलीस? बरं झालं," सासरे म्हणाले. "जा, टबाचं पाणी सोड."

"आधी पगाराचं बोलू, बाबा. मी कागद वाचून आले."

"तो बाहेरच्या माणसासाठी आहे! घरच्यांना कसला पगार?"

"मग मला बाहेरची समजा."

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी धाकट्याकडे. वाचकहो, तुमच्या दुकानात, तुमच्या खाणावळीत, तुमच्या शिलाईच्या खोलीत असंच कुणी पुढे येऊन उभं राहिलं, तर तुम्हाला तरी उत्तर सुचेल का?