लेकीच्या घरचं पाणी

पंजाबराव लेकीच्या घरी राहायला आले ते स्वतःचं पाणी घेऊन. एका हातात पाच लिटरची कॅन, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. चिखलीच्या बसस्टँडवर पुष्पांजलीनं त्यांना रिक्षात बसवलं तेव्हा रिक्षावाला हसला.

"काऊन बाबा, चिखलीत पानी नाही काय?"

"हाये ना बापा. पन ते लेकीचं हाये."

रिक्षावाल्यानं रिक्षा चालू केली. त्याला कळलं. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. बऱ्याच लोकांनी ती सोडली, काहींनी अर्धीमुर्धी ठेवली, पण पंजाबरावांसारख्यांनी धरली ती धरलीच. पुष्पांजलीच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोट पडलं. तिसऱ्यांदा दिवसच गेले नाहीत.

पंजाबरावांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, हाच आता उपाय. लोणारकडच्या त्यांच्या गावाहून ते जमेना. पहाटेची बस धरायची आणि येताना माणूस सीटवर लोळागोळा होऊन पडायचा. धाकटा मुलगा भागवत महिनाभरातच टेकीला आला. आई, मनकर्णाबाई, चार वर्षांमागे गेलेली. चिखलीहून बुलढाणा जवळ. म्हणून पुष्पांजलीच म्हणाली, बाबाला माझ्याकडे आण.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून बजावलं होतं. दिवसाला चार ग्लास पाणी, त्यावर घोट नाही. मीठ जवळजवळ बंद. लोणचं, पापड, चटणी यांना तर शिवायचंसुद्धा नाही. नाही तर अंगात पाणी साचेल, छातीत चढेल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. पुष्पांजलीनं सगळं मनावर घेतलं. भाजी चिरायची, उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं, मग शिजवायची. पहिल्या दिवशी तिनं बिनमिठाचं ताट वाढून बापापुढं ठेवलं. पंजाबरावांनी ताटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि ताट हळूच बाजूला सरकवलं.

"अन्नाचा राग नाही, माय. पन हे उचल."

आणि त्यांनी आपलं फडकं सोडलं.

दर तिसऱ्या दिवशी भागवत कंडक्टरच्या हाती डबा आणि पाणी पाठवी. तीन दिवस टिकायचं म्हणजे त्या डब्यात असणार तरी काय? दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कैरीचं लोणचं. भागवतची बायको जयमाला मनानं चांगली. सासऱ्याचं अन्न विटू नये म्हणून चिमूटभर मीठ जास्तच घाली. पुष्पांजलीनं तिला फोन केला.

"जयमाला, मीठ घालत नोको जाऊ वं."

"ताई, बिनमिठाचं दुसऱ्या दिवशीच बुरसते. मंग बाबा काय खातीन? उपाशी राहातीन?"

दोघी आपापल्या जागी खऱ्या होत्या, आणि म्हातारा मधल्यामधे सुजत चालला होता. पाय दाबला की बोटाचा खड्डा तसाच राहायचा.

पुष्पांजलीची सासू गोजरबाई तोंडाची फटकळ. एक दिवस ओसरीत बसल्या बसल्या तिनं विचारलंच. "इवाई, आमच्या घरात तुमी झोपता, आमचा पंखा चालते तुमाले. पानीच तेवढं चालत नाही काय?"

"पंख्याची हवा पोटात रायत नाही ना, इहीनबाई."

गोजरबाईला हसू आलं. पण स्वयंपाकघरात आल्यावर ती सुनेला हळू आवाजात म्हणाली, "तुह्या बापाची कॅन पाहून सारी गल्ली तुह्या लग्नाची वर्षं मोजते." पुष्पांजली भाजीचं पाणी मोरीत ओतत होती. ओतत राहिली.

जावई ज्ञानेश्वरनं तोड काढली. "मामा, दहा रुपये ठेवा अन् जेवा. कितीक लोक तसंच करतात."

"म्हंजे लेकीच्या घरात हाटेल उघडू काय, जावईबापू?"

गंमत अशी, की शेजारच्या नूरजहांच्या घरी पंजाबराव अर्धा कप चहा खुशाल पीत. ती शिवणकाम करायची. तिच्या मशीनजवळ बसून गावच्या गोष्टी सांगायला त्यांना आवडे. त्यावरूनच पुष्पांजलीला सुचलं. नूरजहां म्हणाली, "हौ ना, त्यात काय? तू बनव, मी वाढते. मेरे घर का समजके खातील. दवाच समज."

असं ठरलं. सकाळी पुष्पांजली बिनमिठाचा स्वयंपाक करी आणि मागच्या दारानं शेजारी नेऊन ठेवी. पंजाबराव तिथं बसून जेवत. "नूरजहांबाई, मीठ इसरल्या वाटते," असं रोज म्हणत, पण खात. पाणीही तिथंच पीत, पुष्पांजलीच्या माठातलं. गावचा डबा तसाच पडून राही. आठ दिवसांत पायांची सूज उतरली. मशीनवरच्या नर्सनं वजन पाहून विचारलं, "काय केलं हो तुमी?" पुष्पांजलीनं घरी येऊन देवाजवळ दिवा लावला, तो बऱ्याच महिन्यांनी.

नवव्या दिवशी पंजाबरावांनी भाकर उलटीपालटी करून पाहिली. भाकरीच्या काठाला अंगठ्यानं दाबलेली एक बारीक खूण होती. भाकर थापून झाली की मनकर्णाबाई तशी खूण करायची. पुष्पांजली तिच्याच हाताखाली शिकलेली. तिला आपण ती करतो हे ठाऊकही नव्हतं.

पंजाबराव उठले. हात न धुता लेकीच्या दारात आले.

"भाकर कोनं केली, पुष्पा?"

तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

"मले फसवलं तुनं. आठ दिवस फसवलं."

"मंग काय करू, बाबा?" पुष्पांजलीचा बांध फुटला. "तुमी मरा अन् मी पाहात बसू? लोकाच्या घरचं चालते तुमाले. मी तेवढी इटाळाची काय?"

पंजाबराव उंबऱ्यावरच बसले. मग म्हणाले, "तुह्या लग्नाच्या पयल्या उन्हाळ्यात मी आल्तो. ऊन मरणाचं. तू गलास पुढं केला अन् मी पेलो. ध्यानात राह्यलं नाही. अर्धा पेल्यावर ध्यानात आलं. पुढच्याच महिन्यात तुह्यं पोट पडलं."

पुष्पांजलीला तो ग्लास आठवतही नव्हता.

"तुह्या मायलेबी सांगतलं नाही मी. तेव्हापासून मनात हाये, हे माह्यानं झालं. आता पुन्हा पेलो तं उरली आस बी जाईन. मी किती दिसाचा? तुह्यं तं सारं हाये पुढं."

"बाबा, डॉक्टरनं सांगतलं होतं, माह्या रक्तात दोष होता. पान्याचा काय संबंध?"

"डॉक्टरले काय माहीत," पंजाबराव म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. त्या शांतपणापुढे पुष्पांजलीचं काही चाललं नाही. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. आपल्यासाठीच उपाशी राहणाऱ्याला काय समजावणार?

पुन्हा गावचा डबा सुरू झाला. नूरजहांनं स्वतःच्या घरच्या पिठाची भाकर करून आणली, अगदी शपथ घेतली, पण आता पंजाबरावांचा तिच्यावरही विश्वास उरला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, त्यांना श्वास घेता येईना. भिंतीला पाठ लावून ते बसले आणि तोंड उघडून हवा ओढू लागले. ज्ञानेश्वरनं गाडी मिळवून बुलढाण्याला नेईपर्यंत ओठ काळेनिळे पडले होते. छातीत पाणी भरलं होतं. दवाखान्याच्या दारातच काही क्षण काळीज थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबून ते पुन्हा चालू केलं.

एकोणीस दिवसांनी ते घरी आले. जीव वाचला होता. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला काही वेळ रक्त पोचलं नाही. माणसं ओळखायला वेळ लागेल. कदाचित ओळखतील, कदाचित नाही."

पहिल्या दिवशी पुष्पांजलीनं घाबरत घाबरत ताट पुढं ठेवलं. पंजाबरावांनी तिच्याकडं पाहिलं.

"बाई, तुमी कोनाच्या?"

"इथलीच मी," ती म्हणाली.

त्यांनी भाकर मोडली आणि जेवले. सगळं ताट संपवलं. वर पाणी प्यायले. गोजरबाई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

महिना गेला. सूज गेली, वजन ठिकाणावर आलं, चेहऱ्यावर तजेला दिसू लागला. डॉक्टरांनी कागद पाहून पुष्पांजलीची तारीफ केली. "असंच चालू ठेवा. तब्येत अशी कधीच नव्हती त्यांची." तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "बाबा मला ओळखतील ना?" दर खेपेला ती हेच विचारायची. डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, वाट पाहू.

त्याच संध्याकाळी जेवताना पंजाबराव म्हणाले, "अजून अर्धी द्या, बाई. मले चिखलीले जायचं हाये."

"चिखलीले? कोनाकडं?"

"माही लेक हाये तिथं. पुष्पा. तिच्या घरी जेवता येत नाही मले, पानी बी नाही. म्हून इथंच पोटभर खाऊन निघतो. नाही तं पोरगी ताट घेऊन मांगं लागते, अन् नाही म्हनतानी जीव जाते माह्या."

पुष्पांजलीनं अर्धी भाकर वाढली. ग्लासात पाणी ओतलं. चौथा ग्लास होता. ते घटाघटा प्यायले आणि मिशी पुसली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना तिनं काही विचारलं नाही.

रविवारी भागवत भेटायला आला. दारातूनच त्यानं हाक मारली, "पुष्पाता..." ती धावत गेली आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"ते नाव घेऊ नको इथं," ती म्हणाली. "बाबा जेवून राह्यले."

तेव्हापासून त्या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. ज्ञानेश्वर नुसतं 'अवं' म्हणतो. गोजरबाईसुद्धा तिला बाई म्हणते.