धडा तिसरा : खोटी बातमी कशी ओळखावी

घरात तिला धाकटी म्हणत. चाळिशी आली, चष्मा लागला, महाविद्यालयात मुलं 'मॅडम' म्हणून उठून उभी राहू लागली, तरी दादासाठी आणि वहिनीसाठी ती धाकटीच राहिली. वर्तमानपत्रात उमेदीची वर्षं घासून झाल्यावर ती शिकवायला लागली होती. विषय नवमाध्यमं आणि डिजिटल पत्रकारिता, तोही पहिल्या वर्षाचा, म्हणजे अगदी मुळाक्षरं. छापलेला कागद दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, स्क्रीनवरचं कधीच रद्दीत जात नाही. पूर्वी वाचक नुसता वाचायचा, आता तोच पेपर टाकणाऱ्याचंही काम करतो. असं सगळं ती शिकवायची आणि मनापासून शिकवायची. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते तिला विषय कळत नव्हता म्हणून झालं नाही.

तिचा तिसरा धडा खोट्या बातमीवर होता आणि तो साऱ्या महाविद्यालयात गाजलेला. ती पडद्यावर एक बातमी लावायची. वर लाल पट्टी, मध्ये एका माणसाचा फोटो आणि खाली मजकूर: हा माणूस पाण्याचा फिल्टर दुरुस्त करतो असं सांगून घरात शिरतो, पाण्यात गुंगीचं औषध मिसळतो आणि घर धुऊन नेतो, दोन म्हाताऱ्या दगावल्या आहेत, सावध राहा, सगळ्यांना कळवा. मग त्यावर ती तासभर चर्चा घ्यायची. मुलं चिडायची, पोलिसांच्या नावाने बोटं मोडायची, एखादी म्हणायची, आमच्याकडेही अस्साच एक येतो. तास संपत आला की धाकटी एक कळ दाबायची आणि फोटोवर तिरका, ठसठशीत शिक्का उमटायचा: 'खोटं'. वर्गातून एकच 'आं!' निघायचा. मग ती म्हणायची, "बातमीत गाव नाही, तारीख नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही, तरी तासभर भांडलात. हा फोटो माझ्या सख्ख्या भावाचा आहे."

शिक्का पहिल्यापासून मारून ठेवता आला असता. पण मग तो 'आं!' गेला असता, आणि खरं सांगायचं तर धाकटीला त्या 'आं!'ची चटक लागली होती.

दादा खरोखरच घरोघरी जाऊन फिल्टर दुरुस्त करायचा. कोणा परक्याचा चेहरा असल्या मजकुरावर लावणं बरं नव्हे म्हणून तिने त्यालाच विचारलं होतं.

"लाव की," तो म्हणाला होता. "नाहीतरी माझ्या थोबाडाकडे तुझ्या वहिनीशिवाय बघतंय कोण? आणि तिचाही नाइलाज आहे."

"ऐकू येतंय बरं का," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली होती.

फोटोसाठी दादाने मुद्दाम भुवया चढवल्या, एक डोळा बारीक केला आणि खांद्याला अवजारांची पिशवी अडकवून चोरासारखा उभा राहिला. तिघांनी पोट धरून हसून घेतलं. सहा वर्षं तो फोटो वर्गात लागत होता आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

सातव्या वर्षी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. गुणी मुलगी. रीतसर परवानगी घेऊन ती तास अर्धा झाल्यावर उठली, आणि दारातून जाता जाता तिने पडद्याचा फोटो काढून आईला पाठवला. खाली लिहिलं, 'आई, तू दिवसभर एकटी असतेस. असला कोणी आला तर दार उघडू नकोस.' मुलीची माया, दुसरं काय. आईने तो इमारतीच्या ग्रुपवर टाकला, तीही मायाच. पुढे कोणाकोणाच्या मायेने तो फोटो कुठे कुठे गेला ते कोणालाच सांगता येणार नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असं आपण म्हणतो, पण आता तेवढेही कष्ट नकोत, अंगठा पुरतो.

धाकटीला कळलं दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत. हिशेबशास्त्राचे सर डबा खाता खाता फोन पुढे करून म्हणाले, "बघितलंत का मॅडम, काय दिवस आलेत!" तिने बघितलं. पट्टी तिची, शब्द तिचे, दादा तिचा. दोन म्हाताऱ्यांच्या आता पाच झाल्या होत्या, आणि 'काल आपल्या मागच्या गल्लीत' एवढं कोणीतरी पदरचं घातलं होतं.

तिने दादाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कामावर असताना त्याचे हात ओले असायचे आणि फोन पिशवीच्या तळाशी असायचा. तिने वहिनीला फोन केला. सकाळीच बाहेर पडलेत, कुठे कुठे जायचंय ते सांगून गेले नाहीत, वहिनी म्हणाली. मग धाकटीने तेच केलं जे ती चौथ्या धड्यात शिकवायची. खोट्याच्या मागोमाग खरं सोडायचं आणि तेही पुराव्यासकट. तिने स्वतःच्या संगणकातून दादाचा मूळ फोटो काढला, त्यावर शिक्का मारला आणि लिहिलं, 'ही बातमी खोटी आहे. मी पत्रकारिता शिकवते. हा माझा भाऊ आहे आणि तो निर्दोष आहे. कृपया हे सर्वांना पाठवा.' आजी-माजी विद्यार्थ्यांनी ते हिरिरीने पाठवलं. तिला जरा हायसं वाटलं. निदान आपण हातावर हात ठेवून बसलो नाही, असं तिला वाटलं.

दादा तेव्हा एका इमारतीच्या जिन्यात होता. चौथ्या मजल्यावरचं काम आटपून तो खाली उतरत होता, आणि खालून तीन माणसं फोनमध्ये बघत वर येत होती. त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. नाव विचारायचीही कोणाला गरज वाटली नाही. मग बाकीच्या मजल्यांवरून माणसं आली. त्यातली काही चांगली नोकरीधंद्याची, घरी आईबाप असलेली. त्याच्याच पिशवीतला पाना काढून त्याला मारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी अशी म्हण आहे, पण इथे तर सोडायलासुद्धा चोर नव्हता.

रुग्णालयाच्या बाकावर वहिनी भिंतीला डोकं टेकून बसली होती. जबडा मोडलाय, बरगड्या मोडल्यात, डावा डोळा वाचेल असं वाटत नाही, एवढं डॉक्टर सांगून गेले होते. हवालदार बरा माणूस होता. त्याने पकडलेल्या एकाच्या फोनमधला फोटो धाकटीला दाखवला.

"ह्याच्यावरून ओळखलं म्हणतात."

धाकटीने फोन हातात घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला. त्या मुलीने दारातून काढलेला फोटो तिरका आणि अंधुक होता. त्यावरून दादाला जन्मदात्या आईनेही ओळखलं नसतं. हा फोटो लख्ख होता. कपाळावरचा व्रण दिसत होता, पिशवीचा तुटका बंद दिसत होता. कोणीतरी शिक्का कापून टाकला होता, खालचा मजकूरही कापला होता, पण कोपऱ्यात शिक्क्याची लाल किनार उरली होती. हा तिचा फोटो होता. तिने भावाला वाचवायला पाठवलेला.

तिने हे वहिनीला तिथेच सांगितलं. वहिनीने धाकटीच्या हातातला हात सोडवून घेतला आणि मग बऱ्याच वेळाने परत दिला.

पोलिसांनी दादावर कसलाही गुन्हा नसल्याचं जाहीर केलं. धाकटीच्या जुन्या वर्तमानपत्राने ती बातमी संकेतस्थळावर लावली. ती वाचली तिच्या ओळखीपाळखीच्या लोकांनी, ज्यांना ते आधीच माहीत होतं. बाकी जगाला दुसरीच बातमी मिळाली होती: फिल्टरवाला चोर पोलिसांना पैसे चारून सुटला. दादाला घरी आणलं त्याच आठवड्यात खिडकीची काच फुटली. दारावर कोणीतरी काळ्या रंगाने शिवी लिहिली. वहिनी दुकानात गेली तर दुकानदाराने तिला बाहेर उभं केलं आणि मागून एकाने ढकललं. तोंडावर पडली, गुडघे फुटले. धाकटी रोज नवा खुलासा लिहायची आणि त्याखाली लोक लिहायचे, 'चोराची बहीण'. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं चाललं होतं.

एका सकाळी वहिनी गुडघ्यांना मलम लावत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "धाकट्या ताई, तुम्हाला खोटी बातमी बनवता येते ना?"

"वहिनी, आता त्यावरून टोचू नकोस गं."

"टोचत नाहीये. विचारतेय. येते ना? मग अजून एक बनवा." तिने मलमाचं झाकण लावलं. "ह्यांना मारून टाका. बातमीत."

"काय बोलतेस तू! आपल्याच माणसाला?"

"आपलाच माणूस आहे म्हणूनच. मेलेल्याला मारायला कोणी येत नाही."

"मी खरं सांगतेय ना सगळ्यांना. थोडा वेळ लागेल, पण..."

"इतके दिवस खरंच सांगताय ना? लागली का परत काच खिडकीला?"

तिथे पुठ्ठा लावला होता. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. आतल्या पलंगावरून, तारांनी बांधलेल्या जबड्यातून दादाचा घोगरा आवाज आला, "दे मारून. तुझी वहिनी म्हणते तर दे. पण फोटो जरा बरा लाव. मागच्यात फारच चोर दिसतोय."

कोणी हसलं नाही.

तिने तिथेच टेबलाशी बसून ती बातमी केली. पुढच्या वर्षीच्या मुलांना शिकवता येईल इतकी नमुनेदार केली. लाल पट्टी. तोच तिरका, अंधुक फोटो. गाव नाही, तारीख नाही, कोणा अधिकाऱ्याचं नाव नाही. दोन शब्द मुद्दाम अशुद्ध, म्हणजे घाईघाईत कोणीतरी आतल्या माणसाने लिहिलंय असं वाटावं. 'फिल्टरवाल्या चोराचा खेळ खल्लास. संतप्त नागरिकांच्या मारात जखमी झालेल्या नराधमाचा अखेर मृत्यू. माता-भगिनींनी निश्चिंत राहावे.' नराधम लिहिताना तिची बोटं थांबली. ह्याच माणसाने तिला सायकल शिकवली होती, तिच्या पहिल्या बातमीचं कात्रण पाकिटात घेऊन जगभर मिरवलं होतं. पण तो शब्द नसता तर बातमी कोणी पुढे पाठवली नसती. सहा-सात वर्षं हेच तर ती शिकवत आली होती. तिने तो शब्द लिहिला, डोळे पुसले आणि बातमी तीन ग्रुपवर सोडली.

खुलाशाला महिनाभरात जेवढे पाय फुटले नव्हते तेवढे ह्या बातमीला जेवणवेळेच्या आत फुटले. दुसऱ्या दिवशी हिशेबशास्त्राच्या सरांनी डबा उघडता उघडता फोन पुढे केला. "मेला एकदाचा!" मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं असावं. "पण मॅडम, तो तुमचा कोणीतरी... की ती अफवा होती?"

"अफवा होती," धाकटी म्हणाली आणि पाणी प्यायला उठली.

उपाय लागू पडला, हे कबूल करायला हवं. दगड थांबले. वहिनी लांबच्या दुकानात तोंड झाकून जायची, पण धडधाकट परत यायची. त्यांनी घर बदललं. नव्या ठिकाणी वहिनीने सांगितलं, मी आणि माझी नणंद, दोघीच राहतो. दादाचा जबडा सुटला, तो मऊ का होईना जेवायला लागला, हळूहळू खोलीतल्या खोलीत फिरायला लागला. रंग तेवढा उतरला होता, ऊन न लागल्यामुळे.

एका दुपारी तिघं चहा पीत बसली होती. दादा उरलेल्या डोळ्याजवळ फोन धरून स्वतःच्या मरणाखालची मतं वाचत होता. टाळ्या होत्या, जोडलेले हात होते, कोणी लिहिलं होतं की आज शांत झोप लागेल.

"ही बघ," तो म्हणाला. "लिहितात, 'आमच्याकडेही यायचा, मला आई म्हणायचा मेला. सुटले बाई.' ह्या आजींचा हात थरथरतो गं. ग्लास धरता येत नाही. मी त्यांना नळाखाली लाकडी पाट ठोकून दिला होता, ग्लास टेकवायला."

"बंद करा ते," वहिनी म्हणाली.

त्याने बंद केलं. मग धाकटीकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "मला एक सांग. आता मी जिवंत कधी व्हायचं?"

धाकटीने तोंड उघडलं. थोडी तब्येत सुधारू दे, थोडे दिवस जाऊ देत, असलं काहीतरी तिच्या जिभेवर आलं होतं. पण त्याला जिवंत करायचं म्हणजे पुन्हा बातमी द्यावी लागणार होती. इतके दिवस तिचं खरं कोणी पुढे पाठवलं नव्हतं. 'तो चोर मेलेला नाही, जिवंत आहे', हे खरं मात्र लोकांनी धावत पाठवलं असतं. संध्याकाळच्या आत ते ह्या गल्लीत पोचलं असतं. तिने दादाच्या एका डोळ्याकडे पाहिलं आणि तिला रडू कोसळलं.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. दादा मुकाट्याने उठला, भिंतीला धरून आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. वहिनीने टेबलावरचे तीन कप पाहिले, त्यातला त्याचा उचलून किटलीमागे लपवला, आणि मग पदराने हात पुसत दार उघडायला गेली.