निळ्या तंबूचा मला हेवा वाटत नाही

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे आणि हेवा म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही. त्या निळ्या तंबूचा तर मुळीच वाटत नाही. त्याचा रंग वाईट आहे, एवढंच.

मला अर्नाकने स्वतःच्या हाताने शिवलं. कापड जाड, शिवण दुहेरी. दर उन्हाळ्यात तिचं कुटुंब बोटीने हिमनदीसमोरच्या किनाऱ्यावर मासे वाळवायला जातं. तिथे चढावर तिच्या सासऱ्यांच्याही आधीपासूनचं दगडांचं वर्तुळ आहे. माझ्या कडा त्या दगडांखाली दाबल्या, की वाऱ्याचं काही चालत नसे. पाहुणे म्हणायचे, "तंबू असावा तर असा!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

यंदा तिचा मुलगा पाविया निळा तंबू घेऊन आला.

"आई, हा बघ, काखेत मावतो! जुना फाडून बोटीला पांघरूण करू."

"आधी मला पुर, मग त्याला फाड," अर्नाक म्हणाली. म्हणून मीही गेलो.

चढावर नुसता कातळ. निळ्याच्या खुंट्या काही त्यात शिरेनात. पावियाने त्याला खाली, पाण्यालगतच्या वाळूत ठोकलं.

"तिथे नको रे. समोरचा तो हिमनग उलटला म्हणजे?"

"आई, तो कालपासून हललेला नाही."

"तुझे वडीलही हलायचे नाहीत. हलले की घर हलायचं."

मी हिमनगाकडे फक्त बघितलं. जरा आशेने बघितलं.

सगळे वर, वर्तुळात उभ्या असलेल्या माझ्यात बसून कॉफी पीत असताना गडगडाट झाला. हिमनग उलटला, लाट वर चढली आणि निळ्याला घेऊन गेली.

"माझा नवा तंबू!" पाविया ओरडला.

"तू आत नव्हतास, हे आधी म्हण," अर्नाक म्हणाली.

त्या दिवशी सगळे माझ्यात झोपले. काय तो मान! मग पाऊस आला. मी थोडासा गळलो. अर्नाकच्या मानेवर.

सकाळी पावियाने निळ्याला बोटीने ओढून आणलं. झटकला, तर कोरडा! अर्नाकने त्याचं कापड बोटांत चोळून पाहिलं.

"दोऱ्या खुंट्यांनाच बांधायच्या, असं कुणी सांगितलंय? दगडांना बांध की!"

मला उचललं आणि माझ्या वर्तुळात त्याला बसवलं.

मित्रांनो, जुन्या तंबूंना वेळेवर मेण लावा. त्यांना ओलं गुंडाळू नका. त्यांच्यासमोर नव्याचं कौतुक तर करूच नका.

अर्नाक निळ्या तंबूत शिरली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही.

बोटीला मी अगदी मापात बसतो.