छत्तीसची बस

शाळा चारला सुटते. पाच वाजले तरी माझी मुलगी चिमी आणि तिला आणायला गेलेले माझे सासरे घरी आले नव्हते. बाबांचा फोन बंद. मी खिडकीतून समोरच्या थांब्याकडे, त्यांच्या 36 ची वाट बघत उभी होते. लांबून बस आली, 86. पार थांब्यापाशी आल्यावर दिसलं, 36 आहे.

बसवरची ती अक्षरं आणि आकडे मी काढलेले होते.

बसच्या कपाळावरची पाटी अरुंद, आणि तिच्यात नंबर, गाव, मार्ग सगळं बसवायचं. म्हणून मी उभट, ठळक, टोकांना कसलीही नक्षी नसलेली, एकमेकांना खेटून उभी अशी अक्षरं काढली. पाट्यांच्या कारखान्यात आमचं काम तपासणारे मास्तर म्हणाले होते, "पोरींनो, हिने अक्षरांना उपाशी ठेवलंय." तिथे एक नियम आहे. नमुना फाटकावर चिकटवायचा आणि चाळीस पावलांवरून डोळे बारीक करून वाचायचा. अक्षरं तशी वाचली. आकडे शेवटी झाले. त्या दिवशी चिमीला ताप होता. मी आकडे संगणकाच्या पडद्यावरच पाहिले, कागदावर बरोबरची खूण केली आणि घरी पळाले. तीनची दोन्ही टोकं मी इतकी आत वळवली होती, की लांबून त्याचं तोंड मिटून आठ होत होता.

पावणेसहाला दोघं टॅक्सीतून उतरली. बाबा 36 समजून 86 मध्ये चढले होते. चिमी खुशीत होती, तिला शेवटच्या थांब्यावर नदी दिसली होती. बाबा मात्र बसलेसुद्धा नाहीत. तिला शाळेतून न्यायचा पास त्यांनी टेबलावर ठेवला.

"डोळ्यांचा आता भरवसा नाही, सूनबाई. उद्यापासून दुसऱ्या कुणाला पाठव."

नवरा म्हणाला, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी हेच सांगतोय. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. दुपारी तीनपासून बूट घालून बसणारा माणूस.

मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. नोकरी लागून वर्षच झालं होतं. बॅगेतून आकड्यांचा छापील कागद काढला, बाहेर लांब व्हरांड्याच्या टोकाला भिंतीवर चिकटवला आणि नवऱ्याला दुसऱ्या टोकाला उभं केलं. वाच म्हटलं.

"शहाऐंशी," तो म्हणाला.

"छत्तीस आहे. बाबांचे डोळे चुकले नाहीत, मी चुकले."

तो चालत कागदापर्यंत आला आणि त्याने तीनच्या टोकांवरून बोट फिरवलं. बाबांनी पास उचलून खिशात टाकला. म्हणाले, आकडे बदलेपर्यंत कंडक्टरला विचारूनच चढतो, जिभेला तर काही झालं नाही ना.

मी मास्तरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"किती बसवर लागलेत हे आकडे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याच बसवर," मी म्हणाले.